हवालदार गोपाळबाबा वलंगकर : एका समाजावरचा शेरा पुसण्यासाठी लिहिलेला अर्ज

आपल्या चळवळीचा इतिहास सांगताना आपण बहुधा महाडच्या चवदार तळ्यापासून सुरुवात करतो. ते बरोबरच आहे. पण २० मार्च १९२७ रोजी ज्या महाडात बाबासाहेबांनी तळ्याच्या पाण्याला हात लावला, त्याच महाडाजवळच्या रावढळ गावात त्यांच्याही दोन पिढ्या अगोदर एक माणूस जन्मला होता, ज्याने अर्ज, निवेदन आणि लेखणी ही हत्यारे अस्पृश्य समाजाच्या हाती पहिल्यांदा दिली. त्यांचे नाव गोपाळबाबा वलंगकर. विहारात फोटोंच्या ओळीत त्यांचा फोटो क्वचितच दिसतो. म्हणून वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत त्यांच्याविषयी चार पाने लिहावी असे वाटले.

उमरीच्या माणसाला कोकणातल्या हवालदाराचे काय, असे कोणी विचारील. आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. मुंबई इलाख्याच्या लष्कराची भरती जशी रत्नागिरी-कुलाबा जिल्ह्यांतल्या घराघरांत पोचली, तशी ती आपल्याकडं पोचली नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या हाती वेसकराची काठी राहिली. कोकणातल्या महारांच्या हाती बंदूक आली. हा फरक फार मोठा होता. त्यामुळेच चळवळीचे पहिले लिहिणारे-बोलणारे पुढारी कोकणातून आले. रामजी सुभेदार कोकणातले आणि गोपाळबाबाही कोकणातले.

गोपाळबाबांचा जन्म अंदाजे १८४० च्या सुमाराचा. लहानपणाची फारशी माहिती हाती नाही, आणि नसलेली माहिती घालून चरित्र फुगवण्यात अर्थ नाही. ते मुंबई लष्करात शिपाई म्हणून भरती झाले, चढत चढत हवालदार झाले आणि १८८६ मध्ये पेन्शन घेऊन बाहेर पडले. पुढे त्यांनी मुक्काम केला तो दापोलीला.

दापोली म्हणजे त्या काळी पेन्शनरांचे गाव. इंग्रजांची तिथे पूर्वी छावणी होती, म्हणून अजूनही जुनी माणसे कॅम्प दापोली म्हणतात. पलटणीतून निवृत्त झालेले महार आणि चांभार शिपाई, नाईक, हवालदार, सुभेदार तिथे येऊन राहत. ही माणसे कशी होती हे समजून घेतले पाहिजे, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही. कंपनी सरकारच्या काळापासून पलटणीत शिपायांसाठी आणि त्यांच्या लेकराबाळांसाठी शाळा असत. गावातल्या शाळेच्या उंबरठ्यावर ज्याला कोणी उभे करत नव्हते, त्याचा मुलगा पलटणीच्या शाळेत वाचायला शिकत होता; मुलीसुद्धा शिकत होत्या. रामजी सुभेदार अशाच लष्करी शाळेत कित्येक वर्षे मुख्याध्यापक होते. शिवाय महिन्याच्या महिन्याला रोख पगार, आणि शेवटी पेन्शन. बलुत्याच्या भाकरीसाठी दारोदार न फिरता घर चालवता येते, हे या लोकांनी पहिल्यांदा अनुभवले. महारकीची कामे, मेलेली ढोरे, वेठबिगार हे सगळे मागे टाकून ताठ मानेने चालणारा एक वर्ग पलटणीने तयार केला.

पण तोच हवालदार गणवेष उतरवून गावी गेला की पुन्हा महारवाड्यात. छातीवर पदक असले तरी विहिरीवर पाणी नाही. पलटणीत हुकूम देणारा माणूस गावच्या वाटेने बाजूला सरकून उभा राहायचा. गोपाळबाबांना हे सहन झाले नाही. आणि सहन न होणारे ते एकटे नव्हते. फरक इतकाच की त्यांनी लिहायला घेतले.

त्यांच्यावर महात्मा जोतीराव फुल्यांचा मोठा प्रभाव होता. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज निघाला आणि त्याच वर्षी जोतीरावांचे गुलामगिरी हे पुस्तक आले. बाहेरून आलेल्या आर्यांनी इथल्या मूळच्या लोकांना जिंकून दास केले, आणि जे सर्वांत जास्त लढले त्यांनाच सर्वांत खाली ढकलले, अशी मांडणी जोतीरावांनी केली होती. महार हे नाव महाअरी, म्हणजे मोठा शत्रू, यावरून आले असेही त्यांनी लिहिले. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या तराजूत किती टिकते हा प्रश्न वेगळा. पण तुम्ही नीच आहात असे ऐकत वाढलेल्या माणसाला, तुम्ही लढवय्यांची लेकरं आहात हे ऐकून काय झाले असेल, याची कल्पना करा. गोपाळबाबांनी हा धागा हातात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. दापोलीत त्यांनी जी संस्था काढली तिचे नावच अनार्य दोषपरिहारक मंडळी. अनार्यांवर लादलेला दोष काढून टाकणारी मंडळी. अस्पृश्यांनी अस्पृश्यांसाठी काढलेल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी ही एक.

त्यांचे लेख दीनबंधू पत्रात येत, सुधारक पत्रातही आले. १८८८ मध्ये त्यांनी विटाळ विध्वंसन ही पुस्तिका काढली. तीत हिंदू धर्माच्या धुरीणांना प्रश्नांमागून प्रश्न विचारले आहेत. विटाळ आला कुठून, शास्त्रात त्याला आधार काय, आणि जनावराला शिवून चालते तर माणसाला शिवून का चालत नाही, असा त्यांचा रोख. आज आपल्याला हे प्रश्न साधे वाटतात. पण त्या दिवसांत एका महार पेन्शनराने छापील पुस्तकातून असा जाब विचारणे म्हणजे विस्तवाशी खेळ होता. त्या प्रश्नांना समाधानकारक उत्तर कोणी दिले नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

१८५७ नंतर इंग्रजांच्या मनात हिंदुस्थानी फौजेविषयी संशय बसला होता. कोणत्या जातीचा शिपाई घ्यावा, कोणत्या जातीची पलटण कुणाशेजारी ठेवावी, याचे हिशेब सुरू झाले. १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हे हिंदुस्थानचे सरसेनापती होते. त्यांचे मत असे की उत्तरेकडचे शीख, पंजाबी मुसलमान, पठाण, गुरखे हेच खरे लढवय्ये. मुंबई-मद्रासकडचे शिपाई ढिले पडले. यातूनच लढाऊ जात आणि बिनलढाऊ जात ही विभागणी पक्की झाली. पलटणी जातवार बांधायच्या ठरल्या. वरच्या जातीचे शिपाई महाराच्या हाताखाली किंवा महाराच्या शेजारी राहायला तयार होत नाहीत, हेही कारण त्यामागे होतेच. शेवट असा झाला की १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. चांभार-मांगांच्याही वाट्याला तेच आले.

लष्करात काम केलेल्यांना हे जास्त चांगले कळेल. आज शिपाई निवृत्त झाला की त्याला डिस्चार्ज बुक मिळते. त्यात त्याच्या चारित्र्याचा शेरा असतो : एक्झेम्प्लरी, व्हेरी गुड, गुड वगैरे. पुढे बँकेत, पोलिसांत किंवा सिक्युरिटीत नोकरी मागायला गेला की आधी तो शेरा बघतात. नोकरीत असताना काही चूक झाली, शिक्षा झाली, तर लाल शाईने नोंद होते. अशा चार लाल नोंदी झाल्या की घरी पाठवत. पण शेरा चुकीचा असेल, कारण न ऐकता काढून टाकले असेल, तर दाद मागायला जागा आहे. २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण झाले, ते २००९ पासून काम करते आणि मुंबईलाही त्याचे खंडपीठ आहे. नुसत्या चार लाल नोंदी मोजून, चौकशी न करता शिपायाला काढता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला आहे. शिपायाची सेवा किती वर्षांची, तो कुठे कुठे राहिला, चुका केवढ्या होत्या, हे सगळे बघावे लागते. आपल्या वस्तीत कोणा माजी सैनिकाच्या घरी असा कागद धूळ खात पडला असेल तर त्याने जाणत्याला दाखवावा, हे जाता जाता सांगून ठेवतो.

१८९२ मध्ये मात्र लाल शाईची नोंद एका शिपायाच्या पुस्तकात झाली नव्हती. ती सबंध जातीच्या नावापुढे झाली. चूक कोणाची ते सांगितले नाही, चौकशी नाही, सुनावणी नाही. ज्यांनी सेवा केली त्यांचा आणि ज्यांचा अजून जन्मही झाला नव्हता त्यांचा शेरा एकच : बिनलढाऊ. आणि तोही कुणाच्या नावापुढे? १ जानेवारी १८१८ ला कोरेगावच्या लढाईत जी पलटण दिवसभर लढली, तिच्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. भीमा नदीकाठच्या विजयस्तंभावर मेलेल्यांची नावे कोरली आहेत. त्यातली नाक या शब्दाने संपणारी बावीस नावे महारांची मानली जातात. म्हणजे दगडावर एक शेरा आणि कागदावर उलटा शेरा. दोन्ही एकाच सरकारने लिहिलेले.

गोपाळबाबांना स्वतःला या बंदीने काही तोशीस नव्हती, हे इथे ध्यानात घ्या. त्यांची नोकरी पुरी झाली होती. हवालदाराची पेन्शन चालू होती. घरी बसून ती खाल्ली असती तर कोणी बोट दाखवले नसते. उलट धोका होता तो बोलण्यातच. पेन्शन ज्याच्या हातून येते त्याच सरकारचा निर्णय चुकला असे लिहायचे, म्हणजे ताटातल्या भाकरीशी खेळ. दापोलीतल्या इतर पेन्शनरांच्या पोटातही हीच धास्ती असणार. तिला भित्रेपणा म्हणणे सोपे आहे, पण ज्याच्या सात पिढ्यांत पहिल्यांदा महिन्याचा पैसा आला, त्याने तो जपून हाताळला तर त्याला नावे ठेवू नयेत.

१८९४ मध्ये गोपाळबाबांनी अनार्य दोषपरिहारक मंडळीच्या वतीने मुंबईच्या सेनापतीला उद्देशून विनंतीपत्र लिहिले. महार, चांभार, मांग यांना लष्करात पूर्वीप्रमाणे घ्यावे अशी मागणी. अस्पृश्य समाजाने आपल्या हक्कासाठी सरकारला लिहिलेले हे अगदी आरंभीचे मोठे निवेदन. याच सुमारास रामजी सुभेदारांनीही भरतीबंदीच्या विरोधात खटपट केली, आणि अर्ज नीट लिहून घेण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांकडे ते गेले, असे बाबासाहेबांच्या चरित्रात येते. रामजी १८९४ च्या सुमारास निवृत्त होऊन दापोलीलाच येऊन राहिले. तेव्हा १८९१ ला महूच्या छावणीत जन्मलेले भीमराव तीन वर्षांचे असतील. त्यांची पहिली शाळा दापोलीचीच. एवढ्या जवळ ही माणसे होती.

विनंतीपत्राचा गाभा दोन गोष्टींचा होता. एक, या लोकांनी सरकारची इमानाने चाकरी केली, लढाया केल्या, हुद्दे मिळवले. तेव्हा ते लढाऊ नाहीत हे म्हणणे खोटे. हा मुद्दा बिनतोड होता. दुसरा मुद्दा असा की हे लोक मूळचे क्षत्रिय; १३९६ च्या महादुर्गादेवीच्या दुष्काळात पोटासाठी जे मिळेल ते खाल्ले म्हणून त्यांना खाली ढकलण्यात आले.

हा दुसरा मुद्दा मला तरी कमजोर वाटतो. तो का घेतला हे कळते. इंग्रज सरकार लढाऊ जात म्हणजे क्षत्रिय जात असे समजत होते, तेव्हा त्याच मापाने आपले माप द्यावे लागले. पण एकदा ते माप मान्य केले की, क्षत्रिय नसलेल्याने बंदूक धरू नये हेही मान्य केल्यासारखे होते. एकीकडे आम्ही अनार्य म्हणायचे, दुसरीकडे आम्ही क्षत्रिय म्हणायचे, ही ओढाताण त्या काळच्या पुष्कळ निवेदनांत दिसते. बाबासाहेबांनी पुढे हा रस्ता धरला नाही. अस्पृश्य हे मूळचे बौद्ध, पांगलेले लोक होते, असे त्यांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात मांडले, आणि हक्क मागितले ते माणूस म्हणून, नागरिक म्हणून. वरच्या वर्णाचे पूर्वज दाखवून नव्हे. पण १८९४ मध्ये गोपाळबाबांच्या समोर तो रस्ता कुणी घालून दिलेला नव्हता. त्यांना जी हत्यारे मिळाली ती घेऊन ते उभे राहिले.

अर्जाने दार उघडले नाही. भरती बंद ती बंदच राहिली.

त्याचे परिणाम हळूहळू दिसू लागले. भरती बंद म्हणजे पगार बंद, पगार बंद म्हणजे पुढे पेन्शन बंद, आणि पलटणीची शाळाही बंद. म्हणून दापोलीच्या पेन्शनरांनी गावच्या शाळेकडे मोर्चा वळवला. १८९२ च्या सुमारासच मुलांना सरकारी शाळेत घ्या म्हणून त्यांचे अर्ज सुरू झाले होते. मुले घेतली तरी बसवायची कुठे यावर वाद. ओट्यावर, व्हरांड्यात, बाकीच्यांपासून लांब. ओट्यावर बसून ऐकलेला धडा तो. बंदूक गेली तरी पाटी जाऊ द्यायची नाही, हे त्या म्हाताऱ्या शिपायांनी पक्के केले होते.

१८९५ मध्ये सरकारने गोपाळबाबांची महाड तालुका लोकल बोर्डावर सभासद म्हणून नेमणूक केली. ही गोष्ट लहान वाटेल. पण ज्याच्या सावलीचा विटाळ होतो तो सरकारी बैठकीत आपल्या बरोबरीने बसणार, हे सवर्ण सभासदांना पचेना. त्यांनी नाराजी दाखवली, गोपाळबाबांच्या शेजारी बसायला नकार दिला. बाबा मात्र हटले नाहीत. पलटणीत ज्याने आयुष्य काढले त्याला जागा कशी धरून ठेवायची हे शिकवावे लागत नाही. पुढे १९२३ ला बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले म्हणून. १९२४ ला महाड नगरपालिकेने तो मान्य केला. आणि १९२७ ला सत्याग्रह. ह्या सगळ्याच्या कितीतरी आधी त्याच तालुक्याच्या बोर्डात एक हवालदार बसून गेला होता.

१९०० साली गोपाळबाबांचे निधन झाले. भरती उघडलेली त्यांनी पाहिली नाही.

अर्जाचे काम मात्र त्यांच्याबरोबर थांबले नाही. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी ते उचलले. त्यांनी सासवडला एक्कावन्न गावच्या महारांची सभा भरवली आणि पंधराशेहून अधिक सह्यांचा अर्ज सरकारला पाठवला. १९१० मध्ये पुन्हा निवेदन, या वेळी थेट विलायतेच्या भारतमंत्र्यांकडे : लष्करात आणि पोलिसांत आम्हाला घ्या. एक अर्ज फेटाळला की दुसरा लिहायचा, ही चिकाटी आपल्या लोकांना कुणी शिकवली हे आता सांगायला नको. आपल्या मराठवाड्याला तर कागदावरच्या एका शब्दाची किंमत चांगलीच ठाऊक आहे. विद्यापीठाच्या नावात दोन शब्द यावेत म्हणून २७ जुलै १९७८ ला ठराव झाला, आणि ते शब्द पाटीवर यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. मधल्या काळात गावोगाव घरं जळाली, माणसं गेली. तसाच दाखल्यावरचा बौद्ध हा शब्द. तो लिहिला म्हणून केंद्राच्या सवलती गेल्या, आणि त्या परत मिळायला १९९० साल यावे लागले. शेरा छोटा असतो, पण पिढी खातो.

पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा सरकारला महार आठवले. १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली. लढाई संपली, आणि १९२१ मध्ये ती मोडून टाकली. म्हणजे गरज असली की लढाऊ, गरज सरली की बिनलढाऊ! यावरून त्या शेऱ्याला शास्त्राचा किती आधार होता ते समजावे.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तोच प्रश्न आला, पण या वेळी मागणारा माणूस वेगळा होता. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले. महारांची स्वतंत्र पलटण झाली पाहिजे हा आग्रह त्यांनी तिथे लावून धरला. दापोलीच्या शाळेत पहिली पाटी धरलेला तोच मुलगा, पेन्शनर सुभेदाराचा. आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. आज त्या रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागर इथे आहे आणि तिच्यात आता सर्व जातींचे, सर्व प्रांतांचे जवान असतात. जनरल कृष्णा राव आणि जनरल सुंदरजी हे दोन सरसेनापती याच रेजिमेंटचे. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेतल्या १९८७ च्या कामगिरीबद्दल मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले, तेही महार रेजिमेंटचेच.

बेळगावला जी पहिली पोरं भरती झाली, त्यांच्या टोपीवर जे चिन्ह आले त्यात कोरेगावचा विजयस्तंभ होता. गोपाळबाबांना जाऊन तेव्हा एक्केचाळीस वर्षे झाली होती, आणि त्यांच्या विनंतीपत्राला सत्तेचाळीस.